रामलिंगला दिलेला ‘हाव’

या मित्रांनो, जरा जवळ सरका. माझा आवाज आता बसलाय, लांबून ऐकू यायचा नाही. एका माणसाने आपला शब्द कसा पाळला, ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

मी एक जुनी पेटी आहे. सागाचं अंग, पितळेचे सूर, कातडी भाता. मुदखेडजवळच्या एका खेड्यात ख्रिस्ती मंडळी कीर्तन करत, तिथे मी वाजले. संगप्पा अण्णा उभे राहून गात आणि देविदास मला वाजवी. अण्णांनी हात वर केला की टाळ थांबायचे, माझा एकच सूर मागे राहायचा. बायका म्हणत, “पेटी रडती बघा!” तेव्हा मला धन्य वाटे.

आधी कीर्तन लिंबाखाली चाले. मग रामलिंग नावाच्या शेतकऱ्याने आपल्या जागेत शेड टाकू दिलं. तो हिंदू, पण कीर्तनाचा वेडा. म्हणाला, “जागा वापरा. पण माझ्या लेकीला लागली तर मोकळी करून द्या.”

अण्णा म्हणाले, “हाव.” आमच्याकडे ‘हाव’ म्हणजे ‘होय’.

कागद झाला नाही. ऐकायला तिथे फक्त मी होते.

वर्षं गेली. शेडला भिंती आल्या, फरशी आली, वर क्रूस चढला. रामलिंग वारला. त्याची लेक उज्वला, नवऱ्याने टाकलेली, लेकरू घेऊन माहेरी आली. भावकी तिला घरात घेईना. एका रविवारी उपासना संपताना तिची आई तारामती तिला घेऊन शेडच्या दारात उभी राहिली.

“जागा शब्दावर दिल्ती,” ती म्हणाली. “आता उज्वलीला दोन खोल्या बांधायच्यात.”

मंडळीत गलका झाला. देविदास अण्णांच्या कानाशी लागला. “अण्णा, खोटं बोला म्हणून कोण म्हणतंय? निस्तं गप बसा.”

“गप बसून बी खोटं बोलता येतंय, देविदास.”

अण्णा उठले. तारामती म्हणाली, “भाऊजी, आमच्यात बेल-भंडारा उचलून खरं बोलत्यात. तुम्ही तुमच्या शास्त्रावर हात ठिवा अन् सांगा.”

“न्हाई वैनी. मी शपथ घेणार न्हाई.”

गावात शपथ नाकारणारा म्हणजे खोटारडा. तारामतीचा चेहरा पडला. “चल उज्वले. देवाच्या घरात बी हेच.” आणि ती वळली. मित्रांनो, मला सूर होते, शब्द नव्हते. मी काय करणार?

“थांबा वैनी!” अण्णांचा आवाज कीर्तनातल्यासारखा चढला. “शपथ न्हाई म्हणलं, सांगणार न्हाई असं कुठं म्हणलं? आमच्या प्रभूची शिकवण हाय, तुमचं होय ते होयच असू द्या. शपथेचा टेकू लागू नये. रामलिंगनं लेकीसाठी जागा परत मागितली तर द्यायची, असं ठरलं होतं. मी हाव म्हणलं होतं. जागा तुमची हाय.”

उज्वला तिथेच फरशीवर बसून रडू लागली.

पत्रे उतरले. क्रूस अण्णांनी खांद्यावरून घरी नेला. देविदास वाटेत म्हणाला, “एका शब्दापायी देवाचं घर घालवलं, अण्णा.”

“खोट्यावर उभं ऱ्हायलं असतं, तर ते देवाचं कुठं होतं रं?”

देविदासने मला पुन्हा हात लावला नाही. मंडळी मुदखेडला उपासनेला जाऊ लागली. मी अण्णांच्या ओसरीत पडले. उंदरांनी भाता कुरतडला, दोन सूर मुके झाले. मला वाईट वाटलं नाही असं म्हणाले, तर ते खोटं होईल.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य असेल तर त्याला ओल लागू देऊ नका. आणि कुणाला ‘हाव’ म्हणाल, तर तो त्याहून जपा. अण्णा आता अंथरुणाला खिळलेत, कीर्तनाला त्यांना कुणी बोलावत नाही. तुम्ही प्रार्थनेला बसाल, तेव्हा आमच्या संगप्पा अण्णांची एकदा आठवण काढा.