न बोथटणारी विळी

इंदिरानगर नवं नवं वसत होतं तेव्हाची गोष्ट. साल ब्याऐंशी असेल, नाहीतर त्र्याऐंशी. सालाबद्दल माझ्याशी वाद घाला, विळीबद्दल घालू नका. ती विळी मी या डोळ्यांनी पाहिलेली आहे.

विळी होती चिमणाबाईंची. बाई मूळच्या सटाण्याच्या. नाशकात वीस वर्षं काढली तरी त्यांच्या बोलण्यातलं अहिराणी ‘शे’ काही सुटलं नव्हतं, आणि विळीची धार काही उतरली नव्हती. त्यांनी चिरलेल्या कांद्याला आपण चिरले गेलो हे कळतच नसे. एकदा चांदवडचा एक कांदा दोन फोडी करून टोपलीत विसरला, तर तिसऱ्या दिवशी दोन्ही फोडींना मिळून एकच कोंब आलेला. त्या घरात कांदा चिरताना कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नसे. त्यामुळे त्यांच्या सुनेची पंचाईत झाली. बिचारी एकदा माहेरच्या आठवणीनं रडायला बसली आणि लगेच पकडली गेली.

तर आमच्या गल्लीत दर महिन्याला अब्बास धारवाला यायचा. सायकल स्टँडवर उभी करायची, पायडल मारायचं की मागच्या चाकावरून पट्टा फिरून दगडाचं चाक गरगरायचं. जुन्या नाशकातून इथपर्यंत पायडल मारत यायचा आणि इथे आल्यावर जागच्या जागी पुन्हा पायडल मारायचा. माणूस सरळ होता. पण एके दिवशी सुलाबाईंनी त्याला अडवलं. सुलाबाईंचे यजमान कचेरीत हेडक्लार्क, त्यामुळे चौकशी करणं त्यांच्या घरातच होतं.

“अब्बासभाई, एक सांगा. आमच्या विळीची धार महिन्यात जाते. चिमणाबाईंनी तुम्हाला आजवर एकदा तरी विळी दिलीये?”

“नाही भाभी.”

“मग त्यांची कशी टिकते? का तुम्ही आमची मुद्दाम कच्ची लावता, पुन्हा बोलवावं म्हणून?”

शेजारच्या लताबाई नुसतं “हं” म्हणाल्या. पण त्यांनी पुढे केलेली विळी परत पदराआड घेतली. अब्बासनं ते पाहिलं. एका गल्लीनं तोंड फिरवलं की दुसरी विचारते का फिरवलं, आणि मग चार गल्ल्यांत सायकल न थांबता जाते. इतका हिशोब त्यालाही येत होता.

“पुढच्या खेपेला सांगतो,” तो म्हणाला, आणि पट्टा न काढताच सायकल हातानं ढकलत थेट चिमणाबाईंच्या दारात. मीही निघालो. मला काय काम होतं? काहीच नाही, म्हणून तर गेलो.

“आपा, तुमची विळी बघू द्या. माझ्या इमानाचा सवाल आहे.”

“बघ ना भाऊ. तिच्यात काय गुपित शे?”

बाई भेंडी चिरत होत्या. चिरून झाल्यावर त्यांनी पातं ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं. आमच्या घराघरांतून विळी मोरीत भांड्यांखाली भिजत पडायची, हे मला तिथे बसल्यावर आठवलं. मग बाईंनी चिनीमातीची मुठीएवढी चटणीची बरणी घेतली, रिकामी. ती उपडी धरली आणि बुडाची खरखरीत कड पात्यावरून एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं, पिसासारखी फिरवली. तेलाचं बोट लावलं. झालं.

“रोज?” अब्बासनं विचारलं.

“रोज. माझी आई करायची. तुम्ही नाही करत का?”

अब्बास ओट्यावर बसूनच राहिला. मला म्हणाला, “दादा, हे सांगितलं तर माझी गरज संपली. नाही सांगितलं तर मी लबाड.”

“मग?”

“लबाड होऊन चाक फिरवायचं म्हणजे लई जड जाईल.”

आणि त्यानं सांगितलं. गल्लीच्या मधोमध उभं राहून, पुसण्यापासून तेलापर्यंत सगळं. रिकामी बरणी घ्या, वजन टाकू नका, दोनदाच फिरवा, हेही सांगितलं. मी साक्षीला होतो. सुलाबाई म्हणाल्या, “एवढंच होय?” आणि त्या दिवशी त्याच्याकडे एकही विळी आली नाही.

पण महिना होता मे. वर्षाचं लोणचं घालून झालेलं. गल्लीत रिकामी बरणी शोधून सापडेना, आणि भरलेली रिकामी करायची कुणाची छाती? शिवाय लताबाईंचं म्हणणं, हलक्या हातानं कधी कुठलं काम झालंय का. मग काय, पाच-पाच शेरांच्या भरल्या बरण्या दोघी दोघींनी कवेत धरल्या आणि दोनदाच्या जागी पन्नासदा फिरवल्या. आठ दिवस गल्लीत असा खरखराट, की चिमण्या पांडवलेण्यांकडे राहायला गेल्या. पाती गोल झाली. बरणीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याची गाठ सुटून लोणच्याचा खार विळीवर सांडला, त्यानं गंज चढला. सुलाबाईंच्या घरात टोमॅटो हातानं फोडून आमटीत टाकत होते.

पुढच्या महिन्यात अब्बास आलाच नाही; त्याच्या लेखी आमच्या गल्लीत काम उरलं नव्हतं. आला तो त्याच्या पुढच्या महिन्यात. नुसता गल्लीवरून चालला होता, हाकही न देता. सुलाबाईंनीच कोपऱ्यावर सायकलचं हँडल धरलं. मागे बारा बायका, बारा विळ्या.

अब्बासनं पात्यावरून अंगठा फिरवला. मग पातं नाकाजवळ नेलं.

“कैरीचं की लिंबाचं, भाभी?”

सुलाबाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. “कैरीचं.”

तो हसला नाही, एवढा त्याचा मोठेपणा. स्टँड लावला, दुपारपर्यंत चाक फिरवलं. शेवटची विळी पुसून देताना म्हणाला, “आता एक बरणी रिकामी करून आणा. हाताला धरून शिकवतो.”

“आणि तिच्यातलं लोणचं कुठे ठेवू?” सुलाबाई म्हणाल्या.

अब्बासनं हँडलला अडकवलेला जेवणाचा डबा काढला आणि झाकण उघडून त्यांच्यापुढे धरला.