नावाशिवायचं कडवं

"नाव ऐकू यायला नको. एवढी एकच अट," मृदुलाताई म्हणाल्या. कॅसेट अजून त्यांच्याच हातात होती.

"ताई, मंगलाष्टकं आहेत ती," दिग्विजय म्हणाला. "त्यात नवरा-नवरीचं नाव नाही येणार, तर कोणाचं येणार?"

"मग राहू दे. चहा घ्या आणि निघा."

दिग्विजयने चहा घेतला, पण तो निघाला नाही. नोकरी बँकेत करत असला तरी त्याचा जीव विश्वासराव मोहित्यांच्या गाण्यात अडकलेला होता. विश्वासराव रेल्वेत कारकून. स्वतः लिहायचे, स्वतःच चाल लावायचे आणि स्वतःच गायचे. त्यांच्या दोन तबकड्या निघाल्या. त्यातली चार भावगीतं बडोद्याच्या मराठी मंडळींनी पन्नास वर्षं इतकी घोटली, की आता ती सुरू झाली की निम्मं सभागृह बटाटेवड्यांकडे वळतं. यंदा विश्वासरावांची जन्मशताब्दी होती आणि तिच्या कार्यक्रमात दिग्विजयला काही नवं ऐकवायचं होतं. दिग्विजयचं म्हणणं असं, की त्यांचं खरं काम तबकड्यांत नव्हतंच, ते लग्नांत होतं. ओळखीच्या प्रत्येक घरासाठी ते नवी मंगलाष्टकं लिहायचे, अंतरपाटाशेजारी उभे राहून गायचे, कागद मुलीच्या वडिलांच्या हातात द्यायचे आणि पंगतीला बसायचे. स्वतःकडे नक्कल म्हणून ठेवायचे नाहीत.

वर्षभर घरोघर फिरून दिग्विजयने लग्नाच्या सव्वीस कॅसेटी जमवल्या होत्या. त्या सव्वीसही कॅसेटींत बँडवाले जिंकले होते. मग विश्वासरावांच्या म्हाताऱ्या पेटीवाल्याने त्याला सांगितलं, की एका लग्नात मुलीच्या वडिलांनी माइकची वायर थेट टेपला जोडली होती. ते रिफायनरीत टेक्निशियन होते आणि असल्या बाबतीत फार काटेकोर. ती मुलगी म्हणजे मृदुलाताई. वय एकसष्ट, निवृत्त परिचारिका, मुक्काम मांजलपूर, तिसरा मजला.

"सदतीस वर्षांची टेप आहे, ताई. आणखी एखादा पावसाळा निघेल, नाही निघेल. एकदा नुसती ऐकू तरी द्या."

अडचण गाण्याची नव्हतीच. मृदुलाताईंचं लग्न सात महिने टिकलं. बडोद्याजवळच्या पादरा गावच्या त्या गृहस्थाचा संसार आधीच दुसरीकडे थाटलेला होता, आणि ते त्याने लग्नानंतर सांगितलं. वडील तिथे गेले, ट्रंक उचलली आणि मुलीला एसटीने घरी घेऊन आले. पुढे वडील वारले आणि मृदुलाताईंनी मांजलपूरला फ्लॅट घेतला. पहिल्याच दिवशी समोरच्या नयनाबेननी नवऱ्याबद्दल विचारलं, "अने भाई?" मृदुलाताई म्हणाल्या, "ते नाहीत." नयनाबेनचे डोळे भरून आले. संध्याकाळी खिचडी-कढी आली. नवऱ्याने टाकलेल्या बाईला कोणी खिचडी पाठवत नाही, हे मृदुलाताईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी गैरसमज तसाच राहू दिला. त्याला बावीस वर्षं झाली. तिकडे ते स्वर्गवासी पादऱ्यात टाइल्सचं दुकान चालवत होते आणि नातवंडं खेळवत होते.

आता ते नाव भरसभेत, सुरात, लाउडस्पीकरवर!

तरी त्यांनी कॅसेट दिली. दिग्विजयने बरोबर आणलेल्या टेपमध्ये ती अलगद घातली. खरखर झाली आणि विश्वासराव गायला लागले. पहिल्या कडव्यात गणपती, दुसऱ्यात मुलाकडचं घराणं. नाव आलं तशा मृदुलाताई उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभ्या राहिल्या. तिसरं कडवं पाण्यात गेलं. नळ बंद केला तेव्हा चौथं सुरू होत होतं.

आईने दुमडीत ठेवुनि दिली जागा तुझ्या वाढिची...

मृदुलाताईंनी ओट्याला धरलं. लग्नाआधी विश्वासराव घरी आले होते, छोटी वही घेऊन. सगळ्या काका-मामांची नावं लिहून घेतली आणि शेवटी म्हणाले, "बाळ, तुझ्या आईचं काहीतरी सांग. नाव नको, काहीतरी सांग." आई गेली तेव्हा मृदुला नऊ वर्षांची होती. तिने सांगितलं होतं, की आई फ्रॉक शिवताना खाली चार बोटं दुमडून ठेवायची. ती गेल्यावर दोन वर्षं आत्या दर काही महिन्यांनी थोडी शिवण उसवायची आणि फ्रॉक पुन्हा मापाचा व्हायचा. आई नव्हती, पण तिने ठेवलेलं कापड पुरत होतं.

हे आपण सांगितलं होतं, हेच त्या विसरल्या होत्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की त्या कॅसेटमध्ये फक्त तो माणूस आहे. आई तिथेच होती आणि त्यांनी तिला त्याच्याबरोबर कपाटात कोंडून ठेवलं होतं. मृदुलाताई ओट्यावर डोकं टेकून रडल्या.

बाहेर आल्या तेव्हा दिग्विजय टेपकडे बघत बसला होता. त्याचंही नाक लाल झालेलं.

"चौथं लावा," त्या म्हणाल्या. "फक्त चौथं. त्यात कोणाचं नाव नाही."

"फक्त चौथंच. शब्द देतो, ताई."

कार्यक्रम रविवारी सकाळी, रावपुऱ्यातल्या एका सभागृहात होता. मृदुलाताईंना एकटीनेच जायचं होतं, पण रिक्षा ठरवताना नयनाबेननी पाहिलं.

"मराठी गाणां ने? मी पण येते. घरमां बेसी बेसी ने कंटाळले."

नाही कसं म्हणायचं? दोघी गेल्या. दारात एक मुलगी पुड्या वाटत होती. मंगलाष्टकाचा कार्यक्रम, म्हणून हौशी मंडळींनी प्रत्येकाला रंगीत अक्षता द्यायचं ठरवलं होतं. तिने मृदुलाताईंपुढे पुडी धरली तेवढ्यात नयनाबेननी हळूच तिचा हात बाजूला केला.

"एमने ना आपशो, बेटा, यांना नको. मला दे."

हे त्यांनी मायेनेच केलं. विधवा म्हणून चारचौघांत मृदुलाताईंना अवघडल्यासारखं होऊ नये, यासाठी. मृदुलाताई रिकाम्या हाताने आत जाऊन बसल्या.

चार भावगीतं झाली, भाषणं झाली. मग दिग्विजय माइकपाशी आला. "हे कडवं कोणाच्या लग्नातलं आहे ते मी सांगणार नाही. पण विश्वासरावांनी याच्यापेक्षा चांगलं काही लिहिलं असेल, तर मला दाखवा," एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला.

विश्वासरावांचा आवाज सभागृहात भरला. ती चाल त्यांनी पुन्हा कुठे वापरली नव्हती. तिसऱ्या ओळीत आवाज खाली उतरतो आणि तिथेच थांबतो, शिवणारीने दोरा तोडायला थांबावं तसा. कोणी खोकलंसुद्धा नाही. 'सावधान' आलं आणि सगळ्यांचे हात एकदम वर गेले. पाठीमागून अक्षतांचा सडा आला. मृदुलाताईंच्या केसांत, खांद्यावर, मांडीवर लाल-पिवळे तांदूळ पडले. नयनाबेनना मराठी लग्नाचा ठेका माहीत नव्हता, त्यामुळे त्यांची मूठ भरलेलीच राहिली.

"अरे अरे, बेन! तमारा पर पडल्या," त्या घाबरून म्हणाल्या आणि दुसऱ्या हाताने मृदुलाताईंच्या केसांतले दाणे झटकायला लागल्या.

मृदुलाताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या. माझ्या आहेत त्या."

"म्हणजे?"

"आत्ता ऐकलंत ते माझ्या लग्नातलं आहे. आणि ते वारलेले नाहीत, नयनाबेन. पादऱ्याला आहेत, टाइल्सचं दुकान आहे. त्यांनी मला टाकलं होतं."

बोलून झालं. बावीस वर्षं जे सांभाळलं ते संपायला एवढंसंच बोलणं पुरलं.

नयनाबेनचा हात हवेतच होता. तो त्यांनी हळूहळू मागे घेतला.

"मारी छोकरी कोमलच्या लग्नात," त्या म्हणाल्या, "मी पिठी, तुमची हळद, लावायला बोलवायला आले होते. तुम्ही दारातून म्हणालात, मी नको. मी घरी जाऊन रडले होते, बेन. आखी रात. तुमच्यासाठी."

"हो," मृदुलाताई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी तुमचे डोळे पाहिले होते मी."

मागून वन्समोर आला, मग चारी बाजूंनी आला. दिग्विजयने स्टेजवरून मृदुलाताईंकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. खरखर झाली आणि आईची ओळ पुन्हा सुरू झाली. या वेळी मृदुलाताई रडल्या नाहीत. दाणे पडू नयेत म्हणून मान ताठ ठेवून त्या ऐकत राहिल्या.

'सावधान' आलं. लोकांच्या अक्षता संपल्या होत्या, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी ठेका कळूनही नयनाबेनची अक्षतांची मूठ मांडीवर मिटलेलीच होती.