झाडबाबांची छत्री

"मिट रे देवा, मिट!"

झाडबाबांनी हात उंचावला. साखर कारखान्याच्या गाडीतळावर, ऊसगाड्या थांबायच्या मैदानात, जमलेल्या दीडशे माणसांनी श्वास रोखला. माथ्यावरच्या भल्यामोठ्या वर्षावृक्षाची पाने जोडीजोडीने मिटू लागली.

"पाहा, देवानं हात जोडले! आता देव रडंल. थेंब ज्याच्या डोळ्यात पडंल, त्याचा पडदा फाटंल!"

खरोखरच थेंब पडत होते. पावसाचा मागमूस नसलेल्या एप्रिलात, कोरड्या आभाळाखाली. माणसे तोंडे वर करून उभी होती. बाबा चौथऱ्यावर एका भरजरी छत्रीखाली बसले होते. तीन वर्षांपूर्वी हेच बाबा वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर पंक्चर काढत. तेव्हा त्यांना वसंता म्हणत.

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या अप्पारावांना एकच चेहरा दिसत होता: शेजारच्या द्वारकाबाईंचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि त्या डोळे ताणून थेंबाची वाट पाहत होत्या.

अप्पारावांनी अंकुशनगरात एकतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले होते. पत्नी कांताबाई गेल्यापासून त्यांच्या दिवसाची सुरुवात एका ठोक्याने होई. द्वारकाबाई सकाळी सामाईक भिंतीवर लाटणे आपटत. "मास्तर, हाय का?" ते म्हणत, "हाय." गाळप संपून ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की वस्ती ओस पडे. मग दिवसभरात त्यांनी उच्चारलेला तो एकच शब्द असे.

परतताना त्यांनी विषय काढला. "गुरुवारी जालन्याला जायचंय, बाई. ऑपरेशनची तारीख आहे."

"मला न्हाई जायाचं. अकरा दिवस थेंब घ्या म्हणले बाबा. आज सातवा झाला."

"डोळा लालभडक झालाय तुमचा. असा डोळा डॉक्टर कापत नाहीत."

"मळ निघून राह्यलाय त्यो."

"कोण म्हणालं?"

"बाबा."

"बाबा पंक्चर काढत होता!"

"मंग? तुम्ही पोरायचे कान पिळत होतात." द्वारकाबाई थांबल्या. आवाज उतरला. "तिथं माणसं इचारत्यात मास्तर, आज कसं दिसून राह्यलं म्हणून. घरी कोण इचारतंय? तुम्ही भिंतीपल्याडून 'हाय' म्हणता आन् पुस्तकात घुसता."

अप्पारावांना त्या झाडाच्या फुलातले पुंकेसरही ठाऊक होते. द्वारकाबाईंना आज कसे दिसते, हे मात्र त्यांनी कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर ठोका पडला नाही.

चार वाजता ते घोंगडी घेऊन गाडीतळावर गेले आणि हाताला येणारी एक फांदी त्यांनी तिच्यात गच्च गुंडाळली. साडेपाचला माणसे जमू लागली. ऊन अजून लख्ख होते.

"मास्तर, झाडाला थंडी वाजून राह्यली का?"

"चहा पाजा त्याला!"

हशा पिकला. द्वारकाबाई तोंड फिरवून बसल्या. अप्पारावांनी घोंगडी ओढली. ती फांदी पूर्ण मिटली होती. बाकीचे झाड टक्क उघडे.

"बाबा अजून आलेले नाहीत," ते म्हणाले. "या फांदीने कोणाला हात जोडले?"

हसू थांबले.

"हे झाड शेंगांच्या कुळातलं. दक्षिण अमेरिकेकडून आलेलं, बाभळीच्या, लाजाळूच्या नात्यातलं. पूर्वी या गोतावळ्याचं उपकुळ वेगळं मानत. आता गुलमोहराच्या उपकुळात धरतात. नाव बदललं, खोड तीच. देठाच्या बुडाशी ही फुगीर गाठ बघा. अंधार झाला की गाठीतलं पाणी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकतं आणि पान मिटतं. लाजाळू बोट लावल्यावर मिटते, हे उजेड गेल्यावर. ढग आले तरी मिटतं, घोंगडी घातली तरी."

"शास्त्र संपतं तिथं देव सुरू होतो!" मागून आवाज आला. झाडबाबा छत्रीसह अवतरले होते. "पान ऱ्हाऊ द्या. आसू कुठून येत्यात, सांगा!"

अप्पारावांनी खाली पडलेले एक चकाकते पान उचलले आणि द्वारकाबाईंच्या हातात दिले. "बाई, चाळीस वर्षं ज्वारी केली तुम्ही. चोळून बघा."

द्वारकाबाईंनी अनिच्छेने अंगठा फिरवला. थांबल्या. पुन्हा फिरवला, बोटे नाकाशी नेली.

"ह्यो तर चिकटा हाय."

"काय बोलून राह्यलात, काकू?" कुणीतरी विचारले.

"ज्वारीवर मावा पडला की पानं अशीच चिकट व्हायची. तसला कडबा आम्ही धुतल्याबिगर बैलापुढं टाकत नव्हतो." त्यांनी अंगठा पदराला खसाखसा पुसला. "आन् म्या सात दिस डोळ्यात घातला."

"फांद्यांवर तुडतुडे आहेत," अप्पाराव म्हणाले. "कोवळ्या फांदीचा रस शोषतात आणि जास्तीचं गोड पाणी मागून टाकतात. म्हणून तर खाली मुंग्या. झाड रडत नाही, किडे हगतात."

"हा देवाचा चिकटा हाय!" बाबा गरजले.

द्वारकाबाई आवाजाच्या रोखाने वळल्या. चेहरा त्यांना दिसत नव्हता. भरजरी रंगाचा एक मोठा गोळा तेवढा दिसत होता.

"मंग ती छत्री मिटा की, बाबा. तुमच्या डोळ्यात बी पडू द्या."

सगळ्यांनी छत्रीकडे पाहिले. इतके दिवस ती सगळ्यांनीच पाहिली होती. बाबांनी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ते फांदीखालून चार पावले मागे सरकले. उघड्या आकाशाखाली गेल्यावरच थांबले.

त्यानंतर चौथ्या दिवशी चौथरा रिकामा होता. मास्तरांचे आभार कोणी मानले नाहीत. करमणूक घालवली म्हणून काहींनी बोलणेही टाकले. जालन्याच्या डॉक्टरांनी लाल डोळा पाहून ऑपरेशन पंधरा दिवस पुढे ढकलले. ते पंधरा दिवस औषध घालायला अप्पाराव रोज भिंतीपलीकडे जात आणि आधी विचारत, "आज कसं दिसतंय?"

डोळ्यात, पोटात, मनात काहीही घेण्याआधी ते कुठून येते, एवढे विचारावे. त्याला पदवी लागत नाही. द्वारकाबाईंना अंगठा पुरला. आणि विचारणाऱ्याने, ज्याचा आधार काढून घेतला त्याच्याशेजारी थोडे बसावे. नाहीतर रिकाम्या चौथऱ्यावर दुसरा कोणी येऊन बसतो.

आता संध्याकाळी ओस गाडीतळावर दोघे बसतात, फांद्यांपासून हातभर दूर. द्वारकाबाई ऑपरेशननंतरचा काळा चष्मा वर करून पानांकडे पाहतात.

"मिटून राह्यलं, मास्तर."

"हो."

"कुणासाठी न्हाई ना?"

"कोणासाठीच नाही."

"बरं," त्या म्हणतात. "तरी चांगलं दिसतंय."