हळदीच्या डबीला निरोप कळत नाही

मित्रांनो, अड्याळच्या जनाबाईच्या घरातल्या कोनाड्यात बसलेली मी पितळेची एक जुनी डबी. माझ्यावर कुणी विसंबून राहू नये, एवढंच सांगायला आज बोलते आहे.

भंडाऱ्याच्या एका कारागिराने एकाच पत्र्यातून आम्हा दोघी बहिणींना घडवलं. ठोके खाताना मी फार कुरकुरले, पण चिंचेने घासल्यावर जे रूप आलं त्याचा मला आजही गर्व आहे. जनाबाईने बाजारात बांगड्यांचं दुकान मांडलं, तेव्हापासून आम्ही तिच्याकडे. एकीत हळद, दुसरीत कुंकू. दुकानात येणाऱ्या बाया आम्हाला हातात घेऊन बघत.

तिची एकुलती मुलगी साधना शिकून बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत लागली. तिथे क्वांटम कॉम्प्युटरवर काम चालतं. मागच्या दिवाळीत आईला आपलं काम समजावायला तिने आम्हालाच उचललं. शेजारच्या डिंपलने झाकणं लावून आमची अदलाबदल केली. साधनाने न बघता एक डबी बॅगेत टाकली आणि मला आईच्या हातात दिलं.

"उघड माय. हळद निघाली का, माह्या डबीत कुंकू हाये हे तुले त्याच घडीले समजते. मंग मी बंगळूरले असो का चंद्रावर!"

हळद निघाली. जनाबाई लहान मुलीसारखी हसली.

"आमचे जोडीचे कण तं याच्याहून नवलाचे," साधना सांगत होती. "पाहेपर्यंत त्यायचा रंगच ठरत नाही. पण त्यायच्यातूनबी निरोप जात नाही, माय. निरोप उजेडाच्या पुढं पळत नाही. आमच्या कॉम्प्युटरलेबी त्याच्यासाठी थांबाच लागते."

एवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं आणि जनाबाई आत धावली. हे दुसरं बोलणं मी एकटीनेच ऐकलं.

साधना कुंकवाची डबी घेऊन बंगळूरला परतल्यावर जनाबाई रोज सकाळी मला उघडायची. "हळद जशीच्या तशी हाये. पोरगी खुशाल हाये," असं म्हणून कामाला लागायची. ती चुकते आहे म्हणून मी मनातून दुःखी होते असं सांगितलं, तर ते खोटं होईल. मला तो मान आवडत होता.

ऑगस्टमध्ये आठ दिवस साधनाचा फोन आला नाही.

"तुमीच लावा नं काकू," डिंपल म्हणाली.

"कायले? कामात असन ते. डबी पाह्यली म्या आत्ताच."

साधना तेव्हा दवाखान्यात तापाने फणफणत होती. माय घाबरेल म्हणून तिने कुणाला कळवू दिलं नव्हतं. नवव्या दिवशी तिच्या मैत्रिणीचा फोन आला. साधना गेली होती. त्या सकाळीही माझ्यातली हळद पिवळीधमक होती.

जनाबाईने मला फेकलं नाही. फेकलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "तुले कसं नाही समजलं वं?"

मला कुठून समजणार? जोडीची असले तरी एकीचं दुखणं दुसरीकडे आपोआप येत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. साधनाच्या एवढ्या मोठ्या यंत्राची त्यातून सुटका नाही, तिथे माझी काय कथा?

मित्रांनो, दूरचं माणूस मनात कितीही जवळ असलं, तरी विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा, आणि नाही आलं तर पुन्हा विचारा.

साधनाचा मोबाईल तिच्या सामानासोबत घरी आला. जनाबाई तो रोज चार्ज करून ठेवते आणि दुपारी दुकानातून त्यावर फोन लावते. तो कोनाड्यात माझ्या शेजारीच वाजतो, आणि मला उचलता येत नाही.