नान्नोच्या थडग्यातलं शिसं

माझी सून आर्खिप्पे विहिरीवर चारचौघींत म्हणाली, "आमच्या सासूबाईंच्या आमटीत मसूर पोहायला शिकतात." बायका फिदीफिदी हसल्या. अथेन्सच्या कुंभारवाड्यात मला हसायची कुणाची छाती नव्हती. घरी आले ती पेटूनच.

दुसऱ्या दिवशी शिशाच्या पत्र्यावर लिहून घेतलं: खालच्या धन्या, आर्खिप्पेची जीभ बांध. मेलेल्यांच्या राज्याचा देव तो, हेडीस. पण नाव आम्ही घेत नाही, धनी म्हणतो. पत्रा गुंडाळून त्यात खिळा ठोकला. अशी चिठ्ठी अकाली गेलेल्याच्या हाती द्यायची असते, तो ती खाली धन्याला पोचवतो. शेजारच्या सिमेची नान्नो, नऊ वर्षांची पोर, नुकतीच तापाने गेली होती. भर दुपारी, सगळे आडवे झालेले असताना, तिच्या थडग्यात उशाशी पत्रा खुपसला. वरची माती सारखी करून घरी आले. हे सांगताना आज मान वर होत नाही.

महिन्याभरात सुनेचं अर्धं तोंड लुळं पडलं. तान्ह्याला अंगाई म्हणायला गेली की नुसती लाळ गळायची. वैद्य तेल चोळत बसला. औषध मला ठाऊक होतं: पत्रा काढायचा. पण तिथे सिमे रोज बसलेली, लेकीला दूध-मध घालत. चार दिवस मी लांबूनच परत फिरले. पाचव्या दिवशी तिला सगळं सांगून टाकलं.

"माझ्या नान्नोला?" सिमे म्हणाली. "एकटी कधी उंबऱ्याबाहेर गेली नाही गं ती. आणि तू तिला तुझे निरोप पोचवायला लावलेस? मसुरापायी?"

"काढू दे, सिमे. मी धन्याची माफी मागते."

"धनी राहू दे. आधी हिची माग."

खालच्यांना हाक मारायची ती तळहाताने जमीन बडवून. मी गुडघ्यांवर बसले, बडवली. "नान्नो, बाळा, चुकले मी." वाटेवरच्या बायका थांबून बघत होत्या. सिमेने मला मातीला पुन्हा हात लावू दिला नाही. तिनेच उकरलं आणि पत्रा माझ्या ओच्यात टाकला.

घरी येऊन सुनेलाही सांगितलं, तिच्यादेखत खिळा उपटला, शिसं वितळवलं.

तोंड हळूहळू सरळ झालं. आता ती नवऱ्याशी बोलते, बाळाला गाते. माझ्याशी अवाक्षर नाही. धन्याला काही वाहताना आम्ही तोंड फिरवून उभे राहतो. ती माझा वाडगा तसाच पुढे करते, भिंतीकडे बघत. मी दोन्ही हातांनी घेते.