दुरुस्त्यांसकट अर्ज

खिळेबुवांच्या पत्राला काकांनी उत्तर पाठवलंच नव्हतं. लिहिलं होतं, अनेकदा लिहिलं होतं. दोघांनी एकाच छापखान्यात उमर घालवली. बुवा शिशाचे खिळे जुळवायचे, म्हणून ते खिळेबुवा. काका छपाईआधी मुद्रितं तपासून चुका काढायचे. निवृत्त झाल्यावर बुवा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शब्दकोशाच्या कचेरीत लागले आणि तिथून त्यांनी लिहिलं, ‘इथे तुझ्यासारखा डोळा हवाय. येतोस का? एका शब्दात कळव.’

तो एक शब्द काकांना सापडेना. ‘हो’ आगाऊ वाटे, ‘बघतो’ लेचंपेचं. पत्र पुस्तकात खूण म्हणून जाऊन बसलं आणि वर्ष सरलं.

आज त्याच कचेरीची जाहिरात आली होती. मुद्रितशोधक हवा, अर्ज संध्याकाळच्या आत, कव्हर लेटर जोडून, फॅक्सने.

“आता कुठल्या तोंडाने अर्ज करू?” काका म्हणाले.

“आहे त्याच. दाढी तेवढी करा,” काकू म्हणाल्या. “काल माझ्या सामानाच्या यादीत बाण काढून तुम्ही साखर चहाच्या वर नेलीत. तुम्हाला काम मिळालं नाही, तर मीच कुठेतरी नोकरी धरीन.”

कोपऱ्यावर पुतणीचं औषधांचं दुकान होतं. डॉक्टर मंडळी अजून तिला चिठ्ठ्या फॅक्सने धाडत. काकू गिऱ्हाइकांच्या स्टुलावर ठाण मांडून बसल्या. काकांनी खिशातून मसुदा काढला आणि पुतणी मोठ्याने वाचू लागली.

“‘माझ्या अल्पशा बुद्धीनुसार, आपला अमूल्य वेळ घेण्याचे धाडस करीत असताना...’ काका, हा अर्ज आहे की माफीनामा?”

“नम्र नको का?”

“नम्र हवा, लोटांगण नको. त्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग पडणार. पान बघताक्षणी कळायला हवं: कुणाला, कुणाकडून, उलट कळवायचा नंबर काय, पानं किती. मग तुम्हाला काय हवंय ते. बस्स.”

एकेक ‘कदाचित’ काढताना काकांना दात उपटल्यासारखं झालं. शेवटी तीन वाक्यं उरली. ‘मी आयुष्यभर मुद्रितं वाचली. ते काम मला आवडतं. मला ते पुन्हा करायचं आहे.’ काकांचे कान लाल झाले. इतकं सरळ ते काकूंशी लग्नाआधीही बोलले नव्हते.

पुतणीने पत्र छापून हातात दिलं आणि ती खोकणाऱ्या एका बाईंकडे वळली. छापील कागद आणि काका एका टेबलावर आल्यावर जे व्हायचं ते झालं. ती परतली तेव्हा पान तांबडंलाल होतं. समास वाढवले होते, ओळी हलवल्या होत्या, दोन शब्द उडवले होते.

“काकू, बघा यांचे उद्योग!”

“मला काय दाखवतेस? मी रोज बघते.”

तिने निमूटपणे सगळ्या दुरुस्त्या केल्या, स्वच्छ प्रत छापली, मागे काकांच्या माहितीचं पान जोडून दोन्ही पानं फायलीत ठेवली आणि काकांचं पेन जप्त केलं. “आता कागद पालथा घाला आणि हिरवं बटण दाबा,” म्हणत ती पुन्हा त्या बाईंकडे गेली.

काकांनी टेबलावरचा कागद पालथा घातला. यंत्राने तो गिळला, शीळ घातली. काकांनी समाधानाने फाईल उघडली, तर स्वच्छ प्रत आत जशीच्या तशी! यंत्रातून बाहेर आलं होतं ते तांबडं पान.

“गेलं!” काका मटकन बसले. “खुणांसकट गेलं.”

“परत पाठवू,” पुतणी वळून म्हणाली.

“नको, नको! म्हणजे आपली चूक दवंडी पिटून सांगायची?”

“तू पाठव गं,” काकू म्हणाल्या. “यांचं ऐकलं तर पुढच्या वर्षी जाईल.”

पुतणी नंबर फिरवणार तोच यंत्र आपणहून खडखडू लागलं. एक पान हळूहळू बाहेर सरकलं. काकांचंच पत्र परत येत होतं. त्यांच्या खुणा आता काळ्या झाल्या होत्या आणि त्यांच्यावरून तिरक्या, ओळखीच्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं. काकूंनी ते वाचून दाखवलं.

‘वर लिहिलंयस पानं दोन, आलं एकच. हे कसं सुटलं रे तुझ्या नजरेतून? बाकी आम्ही परीक्षा घेणार होतो, ती तू आपणहून देऊन टाकलीस. साहेबांनी पान भिंतीला लावायला घेतलंय. सोमवारपासून कामावर ये. दुसरं पान घेऊन ये. खिळेबुवा. ता. क. माझ्या पत्राचं काय झालं?’

काकांनी आधी बुवांनी गोल केलेला पानांचा आकडा पाहिला. “खरंच की,” ते म्हणाले, “सुटलं!” आणि असे हसत सुटले की खोकणाऱ्या बाईही खोकला विसरून हसू लागल्या.

मग त्यांनी पुतणीकडे एक कागद, लिफाफा, तिकीट आणि आपलं पेन मागितलं.

“फॅक्स करा की, काका. यंत्र समोर आहे.”

“त्याने पत्र लिहिलंय. पत्राला पत्रच.”

“सोमवारी तर भेटणारच आहात,” काकू म्हणाल्या.

“म्हणूनच आधी गेलं पाहिजे.”

काकांनी लिहिलं, ‘येतो.’ पेन पुन्हा कागदाकडे वळलं.

“अहो!” काकू म्हणाल्या.

पेनाला टोपण लागलं. रस्त्यापलीकडच्या टपालपेटीत काकांनी लिफाफा ढकलला आणि तो तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले.

“गेलं,” ते म्हणाले, आणि काकूंच्या पुढे चालू लागले.