भावासारखं गिऱ्हाईक

"एसेनकुल, तुझं गिऱ्हाईक कधी परत येतं का रे?" ओश शहरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मी शेजारच्या विक्रेत्याला डिवचलं.

"झारिपबेक येईल. दर सणाला घरी जातो मी त्याच्या. भाऊ मानतो मला."

"आला तर भर बाजारात गाढवासारखा ओरडेन!"

दुपारी झारिपबेक खरंच आला आणि एसेनकुलच्या गळ्यात पडला. "भाऊ, घाटात ब्रेक लागला नाही. पोरगा गेला माझा. तू घरचा, रीतीप्रमाणे घरच्या पुरुषांबरोबर दारात हंबरडा फोडायला चल."

गाडीचा ब्रेक खराब आहे हे एसेनकुलला ती विकतानाच ठाऊक होतं. तो पांढराफटक पडला.

लांबून बाकीचे विक्रेते खिदळले, "गिऱ्हाईक आलं की! ओरड आता!"

काय करावं सुचेना, म्हणून मी ओरडलो. झारिपबेकला वाटलं, मी त्याच्या पोरासाठी रडतोय. त्याने मलाही मिठी मारली.